आजाऱ्याची पाटी

"पायानं सारली त्यानं माजी पाटी, पायानं! आन् तू तिथंच उभा होतास, छातीवर लाल बिल्ला लावून."

"हलू बोल. शेजारी ऐकतान."

"ऐकू दे. अख्ख्या बोईसर बाजारानं बगितलं, आन् तुला शेजाऱ्यांची लाज?"

चंद्रकांताने रिकामी पाटी भिंतीशी आपटली. नवशा उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. आत यावे की बाहेर जावे हे त्याचे ठरत नव्हते. त्याची आई काशीबाई सुपातले सुकट निवडत होती, तिचा हात थांबला नाही. कोपऱ्यात गोधडीवर नऊ वर्षांची सुलू भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती झोपलेली नव्हती. आईबाप भांडायला लागले की ती भिंतीकडे वळत असे.

"पाटी घेऊन ये म्हून मी सांगितलं होतं काय तुला?" नवशा म्हणाला.

"ते सांगायचं नसतं. पाटी आनून ठेवायची असते."

"ती काय होडी होती?"

"मग काय होतं ते? दर महिन्याला युनियनची वर्गनी कुनाच्या बटव्यातनं जात होती? तुज्या? मी डोक्यावर मासली वाहिली, तवा ती वर्गनी भरली. मला वाटलं, वाटा घालतोय आपन. आजारी माणसाच्या उपयोगी पडंल."

"तुला वाटलं," नवशा म्हणाला. "तुला काय वाटतं त्यावर युनियन चालत नाय."

"नाय ना? मंग संप तरी माज्यावर कशाला चालवता?"

नवशा उठला आणि अंगणात जाऊन बिडी पेटवू लागला. काशीबाईने सुपाला एक झटका दिला. "सुकट बी सगलं वाळूच वाळू," ती कुणालाच उद्देशून न म्हणता बोलली.

चंद्रकांता सातपाटीची. तिचा बाप विश्राम तांडेल, होडीचा म्होरक्या. त्याची होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे रेतीवर पडत: होडीचा, जाळ्याचा, तांडेलाचा, मग एकेका खलाशाचा. पण या सगळ्यांच्या आधी एक पाटी भरायची रीत होती. एखादा खलाशी तापाने घरी पडलेला असला, की त्याची बायको वाट्यांच्या तोंडाशी पाटी आणून ठेवी आणि मागे सरून उभी राही. बोलायचे काही नाही. तांडेल स्वतः त्या पाटीत पहिले मासे टाकी, मग बाकीच्यांकडे वळे. बाईने तोंड उघडून मागितले तर तो वाटा राहत नाही, भीक होते, असे विश्राम तांडेल म्हणे. एका वर्षी तो स्वतःच कावीळ होऊन पडला, तेव्हा चंद्रकांताच्या आईने अशीच पाटी नेऊन ठेवली होती, आणि आईचा पदर धरून उभ्या असलेल्या चंद्रकांताला त्या पाटीत पडणाऱ्या बोंबलांचा ओला आवाज ऐकून बाप बरा होणार असे वाटले होते. झालाही.

तिचे लग्न दांडी गावात नवशाशी झाले. नवशाला थोरल्या भावाच्या होडीत खलाशाचा वाटा होता, पण भावाने होडी विकली आणि मुंबईला निघून गेला. चंद्रकांताच्या अंगावरचे सोने त्याच होडीच्या डागडुजीत गेले होते, ते होडीबरोबरच गेले. त्यानंतरची काही वर्षे घर तिच्या डोक्यावरच्या पाटीने चालवले. पहाटे किनाऱ्यावर मासळी घ्यायची, बोईसरच्या बाजारात बसायचे, उरलेसुरले सुकवायचे. नवशा कुणाच्या ना कुणाच्या होडीवर बदली म्हणून जाई, नाहीतर जाळी विणत बसे.

मग तारापूरला वीज केंद्राचे काम निघाले. रस्ते झाले, जीपगाड्या धुरळा उडवत धावू लागल्या, बोईसर स्टेशनावर कुठकुठल्या मुलखांतली माणसे ट्रंका घेऊन उतरू लागली. त्या कामावर बांधकामाचा माल उचलणारी एक ठेकेदार कंपनी होती. क्रेनखाली लोखंड बांधायला तिला माणसे हवी होती, आणि दोरखंडाची गाठ कोळ्याच्या हातात जन्मापासून असते. नवशाने पहिल्याच दिवशी बांधलेली गाठ मुकादमाने ओढून पाहिली आणि त्याला ठेवून घेतला. दांडीतून कामावर गेलेला तो पहिला. त्याच्या मागून गावातली बरीच तरणी पोरे गेली.

पगारापेक्षा चंद्रकांताला दुसऱ्या गोष्टीचे अप्रूप होते, ते म्हणजे दवाखान्याच्या कार्डाचे. कंपनीचा स्वतःचा दवाखाना होता, आणि कामगाराच्या कार्डावर त्याच्या घरच्यांची नावे असत. काशीबाईचे गुडघे, चंद्रकांताची कंबर, सगळे त्या कार्डावर फुकट तपासून झाले. आणि मग सुलूचा ताप आला.

संध्याकाळ झाली की पोर तापायची. खोकला सुटेना, पोटात अन्न टिकेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढवला आणि क्षय असल्याचे सांगितले. काशीबाईने तोंडावर पदर घेतला, पण डॉक्टर म्हणाले की आता औषध आहे, पोर बरी होईल. एक दिवसाआड इंजेक्शन, रोज गोळ्या. "पण मध्ये खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला तर हेच औषध पुढे लागू पडेल असं मी सांगू शकत नाही." हे त्यांनी चंद्रकांताकडून दोनदा म्हणवून घेतले. एक दिवसाआड ती सुलूला दवाखान्यात नेऊ लागली. पंढरी कंपाउंडर सुई टोचताना सुलूला समुद्रात काय दिसते ते विचारी, आणि उत्तर येईपर्यंत सुई काढून घेई. महिन्याभरात सुलूने स्वतः होऊन मासळीचे कालवण मागितले. त्या दिवशी चंद्रकांताने विकायला काढलेला पापलेट घरी ठेवला.

संप झाला तो असा. एक कामगार परांचीवरून पडला, पाय मोडला, घरी बसला, आणि कंपनीने त्याचा पगारही बंद केला आणि कार्डही. काम नाही तर कार्ड नाही. युनियनने मागणी केली की आजारपणातही पगार मिळाला पाहिजे, आणि औषधपाण्याचा असा विमा पाहिजे की काम बंद असले तरी तो बंद होणार नाही. कंपनीने ऐकले नाही. चिंचणीकडच्या बागायतदार घरातला दिनानाथ, शिकलेला, धडपड्या, मुंबईच्या युनियनवाल्यांशी ओळख असलेला, तो पुढारी होता. त्याने सभेत विचारले, "आज त्याचा पाय मोडलाय, उद्या तुमचा मोडला तर?" सगळे हात वर गेले. नवशाला गेटवरच्या तुकडीचा म्होरक्या केले.

बायकांची सभा वेगळी झाली. दिनानाथभाईंनी सांगितले की कंपनीच्या कॅम्पात मासळी, भाजी, दूध काहीच जाता कामा नये; तिथे साहेब राहतात आणि बाहेरून आणलेले संपफोडे जेवतात. चंद्रकांताचे निम्मे गिऱ्हाईक कॅम्पातले होते. तरी शपथेला सगळ्यांत आधी तिनेच हात वर केला. दुसऱ्या दिवशी साखरबाई नावाची तिच्याच आळीतली विधवा लपतछपत कॅम्पाकडे निघाली, तेव्हा चंद्रकांताने तिला रस्त्यात गाठले आणि तिची पाटी उलथी केली. ताजी मासळी धुरळ्यात लोळली. "तुजा घरवाला हाय पगार आनायला," साखरबाई मासे वेचत म्हणाली, "माजा नाय." चंद्रकांताला तेव्हा ते बोलणे निर्लज्जपणाचे वाटले होते.

कंपनीने मग आपला डाव टाकला. संपावरच्यांची कार्डे दवाखान्यात चालणार नाहीत अशी नोटीस दारावर लागली. ज्या गोष्टीसाठी संप होता तीच पहिली गेली.

नवशाने एक दिवस गेट सोडले आणि सुलूला खांद्यावर घेऊन पालघरला नेले. तिथल्या खाजगी डॉक्टरने एक इंजेक्शन दिले आणि पुढच्यांसाठी जो आकडा सांगितला तो ऐकून नवशा सुलूला घेऊन तसाच परत फिरला. सरकारी औषधासाठी ठाण्याला खेपा घालायच्या, तर एक दिवसाआड ठाण्याला जाणार कोण आणि कशाने? घरात विकण्यासारखे होते ते आधीच होडीला लागले होते. आणि बोईसरच्या बाजारात चंद्रकांताची मासळीही पडून राहत होती, कारण विकत घेणारे संपावरचेच.

मग बातमी आली की मुंबईहून संपाचा भत्ता आला. रोख नव्हे, धान्य. लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची पोती आणि थोडी डाळ. बोईसरला बाजाराच्या मैदानात वाटप होणार होते.

चंद्रकांता स्वच्छ लुगडे नेसून, पाटी घासून गेली. पोती होती तिथे पुरुषांची लांब रांग लागली होती. ती रांगेत उभी राहिली नाही. सरळ पुढे गेली, पोत्यांच्या तोंडाशी पाटी ठेवली आणि मागे सरून उभी राहिली, पदर डोक्यावर, नजर खाली. वाटप करणारा स्वयंसेवक परमुलखातला होता. त्याने पाटीकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले.

"ए मौसी, लाइन में लगो. मरद किधर है तुम्हारा?"

ती बोलली नाही. बोलायचे नसते. त्याने पायाने पाटी बाजूला सारली. रांगेत कुणीतरी हसले. त्या हसणाऱ्यांत दांडीचेही दोघे होते. त्यांना ती पाटी काय आहे ते ठाऊक होते, आणि ते अधिक हसले, कारण ही आपल्याच कोळ्यांची रीत आहे हे इतरांना कळू नये असे त्यांना वाटत होते.

नवशा चार हातांवर उभा होता. तो खाली पाहत राहिला.

दिनानाथभाई धावत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी स्वतः पाटी उचलून तिच्या हातात दिली.

"वहिनी, काय झालं ते सांगा."

मग तिला तोंड उघडावेच लागले. तिने सुलूचे सांगितले, होडीची रीत सांगितली.

"चांगली रीत आहे," दिनानाथभाई म्हणाले. "पण इथं भत्ता त्याला, जो गेटवर उभा राहतो. घरातल्या आजारासाठी वेगळं काही देता येत नाही अजून. ते मिळावं म्हणूनच तर हा संप."

"मंग संप संपेपर्यंत पोरीला काय सांगू? आजार थांबव?"

"तुमचं दुःख मला कळतं, वहिनी."

"कलून पाटी भरत नाय, भाऊ."

"आज एकाला दिलं की उद्या वीस जणी येतील. पोती किती आणि तोंडं किती, तुम्हीच बघा."

"आमच्या होडीत काय रोज जालं भरून येत होतं? कदी चारच बोंबील येत. तरी त्यातला पयला आजाऱ्याचा."

दिनानाथभाईंनी मान हलवली. त्यांना ते पटले असावे, पण त्यांनी पोत्यात हात घातला नाही. उलट नवशाच्या वाटणीतून पालघरला गेला त्या दिवसाचे कापून उरलेले मोजून दिले गेले. गैरहजर माणसाचा भत्ता कापायचा हा नियम खुद्द नवशानेच गेटवर लावला होता. बायको बाळंतपणात अडली म्हणून रामू घरी बसला, तेव्हा त्याचाही कापला होता. "नेम तो नेम," नवशा तेव्हा म्हणाला होता. तो रामू रांगेत मागे उभा होता आणि आता काय होते ते टक लावून पाहत होता. म्हणून नवशा खाली पाहत होता. चंद्रकांताला हे सगळे कळत होते. कळल्याने राग कमी झाला नाही, उलट त्याला दिशा मिळाली.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तिने नवशाला एकदाच विचारले, शांतपणे, भाकरी थापता थापता. "तू आत जातोस काय कामावर? पोरीपुरता?"

नवशाने चुलीत लाकूड सारले.

"मी आत गेलो तर दांडीची सगली पोरं आत जातील," तो म्हणाला. "संप मोडंल. आन् उद्या कुनाचा हातपाय मोडला तर त्याला कोन बगनार? मी नाय जानार."

"आपल्या पोरीला कोन बगनार?"

"मला काय ती नको हाय काय गो?" तो ताडकन उठला. "पन मी नाय जानार."

तिने भाकरी उलटली. तो म्हणत होता ते खोटे नव्हते, आणि तिला त्याला खोटे ठरवता येत नव्हते याचाच सगळ्यात जास्त संताप येत होता. चुकीच्या माणसाशी भांडता येते. बरोबर असलेल्या माणसाच्या घरात पोर मरते, तर तिने काय करायचे?

दुपारी ती दवाखान्याच्या मागल्या दाराने गेली. पंढरी कंपाउंडर उमरोळीचा, तिच्या हातची मासळी खाल्लेला.

"चंद्राबाय, मला नोकरी नाही का राखायची? डॉक्टरांनी कुलूप लावलंय कपाटाला."

"सुलूची इंजेक्शनं आत तशीच पडली हायत?"

"आहेत की. जाणार कुठं?" तो खजील होऊन म्हणाला. मग त्याने दाराबाहेर डोकावून पाहिले. "ऐक. मागल्या गेटाकडं बायका घेतायत घमेली उचलायला. खडीवर. पहिल्याच दिवशी कार्ड मिळतं, पोरांची नावं पण घालतात."

"मी संपवाल्याची बायको."

"मग तर हसत घेतील," पंढरी म्हणाला. "मुकादमाला तेच हवंय. संपाच्या म्होरक्याची बायको आत आली म्हणून सगळीकडे सांगत फिरेल." आपण बोललो ते कानावर पडताच त्याने मान फिरवली. "मी आपलं कळलं ते सांगितलं. तुझं तू बघ."

परतताना पाणवठ्यावर साखरबाई भेटली. घागर कंबरेवर घेऊन तिने वाट अडवली.

"काय गो, आज कुनाची पाटी उलथायला गेली व्हतीस?"

चंद्रकांता मान खाली घालून बाजूने निघून गेली. मागून साखरबाई काहीतरी बोलली आणि पाणवठ्यावरच्या बायका हसल्या. काय बोलली ते ऐकू आले नाही, पण विचारायला ती मागे वळली नाही.

घरी सुलू तापली होती. पालघरची सुई होऊन आता बरेच दिवस उलटले होते, आणि थांबलेला संध्याकाळचा ताप पुन्हा ठरल्या वेळी येऊ लागला होता. काशीबाई तिच्या कपाळावर ओली चिंधी ठेवत होती.

"खाल्लं काय हिनं?"

"दोन घास. मिलोची भाकरी गिलवत नाय तिला. मलाबी नाय गिलवत." काशीबाईने चिंधी पिळली. "आमच्या टायमाला असा आजार झाला की मानसं नशिबावर सोडत. तेच बरं व्हतं. औषध नव्हतं तर औषधाचा घोर नव्हता."

सुलूने डोळे उघडले. "आये, उद्या पंढरीकाकाकडं जायाचं?"

चंद्रकांताने तिच्या अंगावर गोधडी ओढली. नवशा गेटवरून आला, पाय धुतले, पानावर बसला. काशीबाईने तिघांना वाढले. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. नवशाने भाकरी मोडली आणि उद्या दिनानाथभाई मुंबईला बोलणी करायला जाणार आहेत, असे सांगितले. मागल्या गेटाने बायका आत घेतात अशी खबर आहे, म्हणून उद्या आपली तुकडी तिकडे उभी राहणार आहे, हेही सांगितले. चंद्रकांताने हातातला घास ताटात ठेवला.

"मी उद्यापासनं कामावर जानार," ती म्हणाली. "मागल्या गेटानं. खडीच्या घमेल्यांवर."

काशीबाईचा हात कालवणाच्या भांड्यावरच राहिला. नवशाने पाण्याचा तांब्या ओढून घेतला.

"तिथं मी उभा आसन," तो म्हणाला.

"ठावं हाय."

"सगला गाव बगंल. माज्याच बायकोला मी..."

"अडवायचं तर अडव. हाताला धरून बाजूला कर, सगल्यांसमोर. शिव्या दे, काय वाटंल ते कर. मी फिरून येनार." तिचा आवाज चढला नाही. "तुजा संप चुकीचा हाय असं मी म्हनत नाय. कुनालाच म्हननार नाय. पन मी जानार."

"अगो, लोक तोंडात शेन घालतील," काशीबाई म्हणाली. "बायकांनी शपथ घेतली व्हती. तूच पयली."

"घालू दे."

नवशा ताटावरून उठला. दारापर्यंत गेला, परत आला, उभाच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. सासूकडे वळून जेवण आटोपल्यावर सांगायची रोजची कामे सांगावीत तसे सांगितले.

"आये, सकाली सुलूला गरम पान्यानं पुसून काड, आन् दुपारच्या भोंग्याला मागल्या गेटापाशी घेऊन ये. माज्या कार्डावर तिचं नाव घालून घेते. इंजेक्शन उद्याच द्यायचं."